थेंबाथेंबाने वाढणारी सळई

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील या शेडमध्ये रोबोचा हात क्षणभर थांबतो, वितळलेल्या तारेचा एक थेंब सोडतो आणि मागे सरकतो. तो थेंब गोठला की त्याच्यावर पुढचा. आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडच्या आडोशाने तार वितळवत चालणारे हे मिग वेल्डिंग नाशिकच्या कारखान्यांना नवे नाही. येथे मात्र दोन तुकडे सांधले जात नाहीत, तर थरावर थर चढून काँक्रीटमध्ये घालायची सळईच उभी राहते. घाई केली की थेंब ओघळतो, म्हणून प्रत्येक थर निवू द्यावा लागतो आणि बहुतेक वेळ त्यातच जातो. विजेच्या कमानीने (आर्क) तार वितळवण्याच्या याच तंत्राने घडवलेला १२ मीटरचा पोलादी पादचारी पूल २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कालव्यावर खुला झाला.

आता सळई जवळून पाहा. बोटाला लागणारी प्रत्येक कड हा एकेका थराचा काठ आहे. बांधकामातल्या नेहमीच्या टीएमटी सळईवर रोलिंग मिलमध्ये ज्या रिब, म्हणजे उठावाच्या रेघा, मुद्दाम उठवाव्या लागतात, त्यांचे काम येथे या कडा आपसूक करतात. सिमेंटचा चिकटपणा सळई किंचित सरकताच सुटतो. त्यानंतर भार घेते ते घर्षण आणि मुख्यतः कडांमध्ये अडकलेले काँक्रीट. म्हणूनच आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय मानक संहिता एम २० या प्रतीच्या काँक्रीटमध्ये गुळगुळीत सळईसाठी १.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतका बंध-ताण (सळई आणि काँक्रीटमधल्या पकडीचा ताण) धरते आणि रिबच्या सळईला त्यावर ६० टक्के वाढ देते. कडा उंच आणि सळईभोवतीचे काँक्रीटचे आवरण अपुरे असेल, तर काँक्रीट बाहेर रेटले जाऊन सळईच्या लांबीने चिरते. कडा फारच बुटक्या असतील, तर त्यांच्यामधला मसाला कातरला जाऊन सळई निसटते.

या सळईचा व्यास जागोजागी बदलत असल्यामुळे व्यास मोजणारा व्हर्नियर येथे फारसा उपयोगी नाही. तुकडा तोलून, पोलादाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर धरून सरासरी व्यास काढणे अधिक भरवशाचे. पकड तपासण्यासाठी हा आहे सळई रोवलेला, २८ दिवस मुरलेला काँक्रीटचा घन. यंत्र सळई ओढू लागते आणि नजर सरकणे मोजणाऱ्या डायल गेजच्या काट्यावर खिळते, कारण या चाचणीच्या आयएस २७७० या मानकानुसार ०.०२५ आणि ०.२५ मिलिमीटर सरकण्याला किती भार लागला, हे नोंदवायचे असते.

सळई न वाकवता हवे ते वळण देणे, टोकाला पकडीसाठी गाठ वाढवणे हे या पद्धतीत सहज जमते, आणि त्यासाठी लागणारी तार, वायू व हात येथे आहेतच. नेहमीच्या वेल्डिंग तारेची सळई सहसा फे ५०० या प्रतीच्या सळईइतका ताण घेत नाही आणि रिबच्या सळयांचे आयएस १७८६ हे मानक तिच्यासाठी लिहिलेले नाही, त्यामुळे तूर्त ती प्रयोगशाळेपुरतीच आहे.