खाडा पडला तरी

(दृश्य: टेबलावरचा दिवा लागतो. वहीचं पान, हात, पेन.)

रात्रीचे साडेदहा. दोनशे पानी वही, कोपरे दुमडलेले. या ताई रोज साधारण याच वेळी टेबलाशी बसतात. डाव्या कोपऱ्यात तारीख घालतात. मग बराच वेळ काहीच नाही. पेनाचं टोपण काढायचं, परत लावायचं. आणि मग पहिला शब्द.

(क्लोज-अप: 'राग', त्यावर रेघ. शेजारी 'अपमान', त्यावरही रेघ. खाली 'भीती'.)

हे पान सावकाश पाहू. आधी लिहिलं 'राग'. खोडलं. मग 'अपमान'. तेही खोडलं. तिसरा शब्द राहिला, 'भीती'. या तीन शब्दांना जवळजवळ दहा मिनिटं लागली.

बावीस वर्षं केलेली नोकरी एका दुपारी गेली. कोणी चौकशी केली की ताई म्हणायच्या, "डोकं फिरलंय नुसतं." डोकं फिरलंय म्हणजे नेमकं काय झालंय, ते या पानावर पहिल्यांदा उमगलं. राग असेल तर माणूस भांडायला उठतो. भीती असेल तर वेगळं काही विचारावं लागतं. कशाची भीती? शिल्लक किती महिने पुरेल? कोणाशी बोलता येईल? पुढच्या पानावर हेच तीन प्रश्न आहेत, एकाखाली एक. शब्द बरोबर सापडला आणि प्रश्न आपसूक आले.

(दृश्य: खिडकीच्या काचेत वहीवर वाकलेल्या ताईंचं प्रतिबिंब.)

भावनेला नाव दिल्यानं काय होतं, हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं. ते निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झाली. धोक्याची चाहूल लागली की जागा होणारा हा भाग. चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव जुळवायला सांगितलं, तेव्हा तेवढा फरक पडला नाही.

आपण 'टेन्शन आलंय' या एका शब्दात किती गोष्टी कोंबतो! कंटाळा, मत्सर, अपराधीपणा, थकवा, सगळं टेन्शन. मला वाटतं, मनाला सावरायची सुरुवात हे गाठोडं सोडण्यापासून होते. आणि ते हातानं सोडावं, कागदावर. डोक्यात तोच विचार गोल गोल फिरत राहतो. कागदावर त्याला ओळ संपवावी लागते, पूर्णविराम द्यावा लागतो.

(दृश्य: भराभर उलटणारी पानं. एका पानावर शाई पसरलेली.)

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या गोष्टीवर. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिलं, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना हलकं वाटलं नव्हतं. उलट मन जड झालं होतं. वही उघडणाऱ्यानं हे आधीच माहीत करून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती कपाटात जात नाही.

(दृश्य: ताई वही मिटतात. हात वहीवरच. १२ सेकंद, निवेदन नाही.)

(दृश्य: पानाचा खालचा भाग. चौकटीत दोन ओळी.)

प्रत्येक पानाच्या तळाशी ही चौकट असते. उद्याचं काम. 'अर्ज करायचे' असं मोघम नाही. वाचून दाखवतो: 'दात घासून झाले की, चहाच्या आधी, जुन्या सहकाऱ्याला फोन.' कधी, कशानंतर, काय. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा 'जर-तर'च्या आखणीवर वर्षानुवर्षं काम केलंय. वेळ आणि खूण आधी ठरली की त्या क्षणी मनाशी हुज्जत घालावी लागत नाही. दात घासले, फोन उचलला.

या चौकटीचा आणखी एक उपयोग आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला दिलं. झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा उरलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. राहिलेलं काम वहीनं सांभाळलं, की डोकं त्याची राखण सोडतं.

(दृश्य: तारखांवरून सरकणारं बोट. १४, १५, १६. मग एकदम २७.)

आणि इथे खाडा. दहा दिवस. या दिवसांचं आमच्याकडे काहीच चित्रण नाही.

पण २७ तारखेचं पान आहे. त्यावर 'चुकले' नाही, 'आता नियमित लिहीन' असा निश्चयही नाही. तारीख, आणि त्याखाली त्या दिवसाचा शब्द: 'कंटाळा'. मला ही वहीतली सगळ्यात बळकट ओळ वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ वर गेला. मध्येच एखादा दिवस चुकला, त्यानं फारसं बिघडलं नाही. दहा दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे, हे खरं. तरीही सव्विसाव्या दिवसाचं ओझं न घेता सत्ताविसाव्याला बसता येतं, हे पान समोर आहे.

झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल, जगणंच नकोसं होत असेल, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावं. ताईंना सात महिन्यांनी दुसरं काम मिळालं, पगार थोडा कमी आहे.

(दृश्य: नवी वही. पहिलं पान. डाव्या कोपऱ्यात तारीख.)

टोपण निघतं. लागतं. पुन्हा निघतं.

(पेनाचा कागदावरचा आवाज. चित्र अंधारतं.)