माडीवरची खोली

(दांडिया बाजार, सकाळची वर्दळ)

रिक्षावाल्याला नुसतं ‘दांडिया बाजार, अरविंद आश्रम’ म्हटलं की तो इथे आणून सोडतो. विटांचा हा जुना बंगला. बडोदा कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवणारे अरविंदबाबू घोष इथे त्यांचे मित्र खासेराव जाधव यांच्यासोबत राहत. 1893 ते 1906, बडोद्यात तेरा वर्षं. मराठी त्यांना इथेच येऊ लागली.

(चपलांची रांग. आत ध्यानाची खोली.)

कॅमेरा बंद करून आम्हीही जरा टेकलो. डोळे मिटतोय तोच मनात आलं, गाडी उचलून तर नाही ना नेणार? मग दुपारचं जेवण. मग गेल्या दिवाळीत कुणीतरी मारलेला टोमणा, अगदी शब्दन्‌शब्द.

अरविंदबाबूंचंही घोडं अडलं होतं, अर्थात बरंच पुढे जाऊन. 1904 च्या सुमारास त्यांनी प्राणायाम सुरू केला. दिवसाला पाच-सहा तास! कविता झरझर उतरू लागली, प्रकृतीही सुधारली. पण त्यापुढे काही सरकेना. नंतर राजकारणाच्या धबडग्यात तेही मागे पडलं.

1907 च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. तिथून ते बडोद्याला आले आणि धाकट्या भावानं, बारींद्रनं, त्यांची विष्णू भास्कर लेल्यांशी गाठ घालून दिली. लेले ना कुठले मठाधिपती, ना नावाजलेले पंडित. साधे भक्त. विद्वत्तेत ते आपल्यापेक्षा कमी होते, असं अरविंदबाबूंनी पुढे स्पष्टच लिहिलंय. लिहिलं नसतं तरी चाललं असतं, असं आपलं मला वाटतं.

लेल्यांनी सांगितलं, थोडे दिवस राजकारण बाजूला ठेवा.

(जुन्या वाड्याचा जिना. वर अरुंद खोली.)

सरदार मजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत दोघं तीन दिवस बसले. करायचं एवढंच, की विचार करायचा नाही, मनाकडे बघत राहायचं. विचार बाहेरून येताना दिसतील. आत पाऊल टाकण्याआधीच त्यांना परतवायचं.

विचार बाहेरून येतात, हे केंब्रिजला शिकलेल्या या माणसानं कधी ऐकलंही नव्हतं. तरी ‘असं कसं शक्य आहे?’ असा वाद त्यांनी घातला नाही. बसले आणि केलं. आणि खरोखरच एकामागून एक विचार येताना दिसले. ते परतवता परतवता मन निवांत झालं. इतकं, की भोवतालचं जग पडद्यावरच्या सावल्यांसारखं वाटू लागलं. उरलं ते नाव नसलेलं, निराकार असं काही. गंमत म्हणजे सगुणभक्त लेल्यांना हे अपेक्षितच नव्हतं!

(मुंबई, जुनी छायाचित्रं)

आता पंचाईत अशी, की 19 जानेवारी 1908 ला मुंबईत भाषण ठरलेलं आणि डोक्यात एकही विचार नाही. लेल्यांना विचारलं. ते म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि वाट पाहा.

अरविंदबाबू उभे राहिले. हात जोडले.

थांबले.

(शांतता. मग सभेचा आवाज.)