ऑक्टोबरमधला बॉक

श्रोतेहो, नमस्कार.

११ जुलै १९६१. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. खाडीच्या काठावरचं हे मैदान वाऱ्यासाठी बदनाम होतं. बेसबॉलचा ऑल-स्टार सामना, म्हणजे दोन लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना सुरू होता, नववी, म्हणजे एरवी शेवटची इनिंग, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, रनर. माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, पिचर स्टू मिलर. अंगाने बारीक, आणि हे मैदान त्याच्या घरचंच. त्याने हात छातीशी आणले, थांबला, आणि नेमका तेव्हा वाऱ्याचा झोत आला. मिलर डोलला. पंचांनी बॉक दिला, म्हणजे पिचरने नियम मोडला असं ठरवलं, आणि दोन्ही रनर एकेक बेस पुढे गेले. त्यानंतरच्या फटक्यावर क्षेत्ररक्षणात चूक झाली, तिसऱ्या बेसवरचा रनर धावत आला आणि सामना बरोबरीत आला. लोकांच्या तोंडी मात्र गोष्ट अशी राहिली, की वाऱ्याने पिचर माउंडवरून उडवून नेला. प्रत्यक्षात त्याचा तोल किंचित हलला होता, एवढंच.

मग अशा सामन्यात, अशा वेळी, एवढ्याशा हालचालीवर बॉक द्यावा का? मी सॅन होजेच्या परिसरात राहतो आणि शनिवार-रविवारी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, आणि का जात नाही तेही पुढे सांगणार आहे.

आधी बॉक म्हणजे काय ते पाहू. आपण क्रिकेट बघत वाढलो. तिथे नॉन-स्ट्रायकर चेंडू टाकायच्या आत क्रीज सोडून निघाला, तर गोलंदाज त्याला धावचीत करू शकतो. १९४७ मध्ये सिडनीला विनू मांकडांनी बिल ब्राउनला तसं बाद केलं आणि त्यावर वाद झाले. बेसबॉलची रीत उलटी आहे. इथे रनरने बेस सोडून चार पावलं पुढे उभं राहायचं, पिचरवर डोळा ठेवायचा आणि संधी दिसली की पुढचा बेस चोरायचा. हा त्याचा हक्कच आहे. त्याला परत पळवायला पिचर बेसवर चेंडू फेकू शकतो. पण दोघांच्यात एक करार आहे: पिचरने फसवायचं नाही. बॅटरकडे चेंडू टाकण्याआधी हात एकत्र आणून पूर्ण थांबायचं. पहिल्या बेसकडे फेकायचं तर पाऊल त्याच दिशेला टाकायचं आणि खरोखर फेकायचं, नुसतं हुलकावायचं नाही. एकदा बॅटरकडे टाकायची हालचाल सुरू केली, की ती अर्ध्यावर सोडायची नाही. यातलं काहीही मोडलं की बॉक, आणि बेसवरचे सगळे रनर एकेक बेस पुढे.

आता ‘किरकोळ’ बॉक म्हणजे काय? हात थांबले, पण पुरते थांबले नाहीत. पुढचा खांदा जरासा हलला. गुडघा लचकला. गॅलरीत बसलेल्या चाळीस हजार माणसांपैकी कुणाला दिसणार नाही, पण पहिल्या बेसवरच्या पोराला दिसतं, कारण त्याचे डोळे नेमके तिथेच असतात. एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर. चांगल्या पिचरने हालचाल सुरू केली की सुमारे १.३ सेकंदांत चेंडू बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरकडे पोचतो आणि कॅचरचा चेंडू सुमारे २ सेकंदांत दुसऱ्या बेसवर. म्हणजे चोर आणि शिपाई यांच्यातलं सगळं नाट्य साडेतीन सेकंदांच्या आत संपतं. त्यात रनर पाव सेकंद फसला तर गेला. पंचाच्या डोळ्याला बारीक वाटणारी हालचाल रनरला पूर्ण पाऊलभर महाग पडते. म्हणून ‘किरकोळ’ हा शब्द मला इथे खटकतो. किरकोळ कुणासाठी? बघणाऱ्यासाठी. पळणाऱ्यासाठी नाही.

खो-खो खेळलेल्यांना हे चटकन कळेल. खो मिळण्याआधी क्षणभर उठलेला गडी. मैदानाबाहेरून बघणारा म्हणतो, अहो एवढंसं काय. पळणाऱ्या गड्याला विचारा.

तरीही मोठ्या सामन्यात पंचांनी शिट्टी गिळावी असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. ते नियमपुस्तकाचाच आधार घेतात. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, नियमांत बॉकच्या कलमाखाली एक टिपण आहे, त्याचा आशय असा: या नियमाचा हेतू पिचरला रनरची जाणूनबुजून फसवणूक करण्यापासून रोखणं हा आहे, पंचाच्या मनात शंका असेल तर पिचरच्या हेतूला महत्त्व द्यावं. मग मिलरला कुणाला फसवायचं होतं? वाऱ्याला? हा युक्तिवाद मला बरीच वर्षं पटत होता.

पण ते वाक्य पुन्हा वाचलं तर त्यात ‘शंका असेल तर’ आहे. ‘सामना मोठा असेल तर’ असं नाही, ‘हालचाल लहान असेल तर’ असंही नाही. शंकास्पद बॉक आणि बारीक बॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. खांदा हलला की नाही हे मला नीट दिसलंच नसेल, तर मी बॉक देऊ नये, मग तो मार्चमधला सरावाचा सामना असो की वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे ऑक्टोबरमधल्या अंतिम मालिकेचा, सातवा. पण मला स्पष्ट दिसलं, आणि हीच हालचाल मी मे महिन्यात बॉक ठरवतो, तर ऑक्टोबरमध्येही ती बॉकच आहे. लहान आहे, पण शंका नाही. मिलरचं डोलणं पंचांना दिसलं होतं. ते दिसूनही सोडून दिलं असतं, तर पुढे खेळ मिलरच्या हातात न राहता पंचाच्या दयेवर राहिला असता. मिलरचं नुकसान झालं का? त्याच्या नॅशनल लीग संघाने दहाव्या इनिंगमध्ये तो सामना ५-४ असा जिंकला, आणि विजयी पिचर म्हणून नोंद स्टू मिलरचीच झाली.

मात्र कडकपणाचंही एक वेड असतं, आणि बेसबॉलने ते भोगलंय. १९८८ च्या मोसमाआधी नियमाची शब्दरचना बदलली: पिचरचं थांबणं ‘पूर्ण आणि स्पष्ट दिसेल असं’ हवं. पंचांना ताकीद मिळाली. १९८७ मध्ये मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये मिळून ३५६ बॉक झाले होते, १९८८ मध्ये ९२४. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टच्या एकट्याच्या नावावर १६ लागले. वर्षानुवर्षं ज्या पद्धतीने ही मंडळी चेंडू टाकत आली, तीच पद्धत एका रात्रीत गुन्हा ठरली. पुढच्या वर्षी शब्दरचना मागे घेतली गेली.

त्याहून अलीकडचं उदाहरण २७ सप्टेंबर २०२२ चं. न्यूयॉर्कमध्ये मायामी मार्लिन्सचा पिचर रिचर्ड ब्लायर न्यूयॉर्क मेट्सच्या पीट अलोन्झोला चेंडू टाकत होता. पहिल्या बेसवर मेट्सचाच जेफ मॅकनील. एकाच बॅटरसमोर पंचांनी ब्लायरला तीन वेळा बॉक दिला, आणि मॅकनील पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून थेट घरी आला. चेंडूला बॅट न लागता धाव. ब्लायर पुरता पूर्ण थांबत नव्हता, हे खरं. पण मेजर लीगमध्ये त्याने तोवर ३०० हून जास्त इनिंग टाकल्या होत्या आणि त्याला एकदाही बॉक मिळालेला नव्हता! मार्लिन्सने तो सामना ६-४ असा जिंकला, म्हणून प्रकरण थंडावलं. मला इथे पंचांचा राग त्या रात्रीच्या तीन निर्णयांबद्दल येत नाही, त्याआधीच्या गप्प राहण्याबद्दल येतो. वर्षानुवर्षं कुणी सांगितलं नाही, म्हणून त्याने सुधारलं नाही. अन्याय साठवून ठेवला की तो असा एकदम बाहेर पडतो.

न्यूयॉर्क यांकीजचा पिचर अँडी पेटिट याच्याबद्दलही अशीच कुरकूर चालायची. तो डावखुरा, आणि त्याचा उजवा पाय हवेत असताना तो बॅटरकडे जाणार की पहिल्या बेसकडे, हे भल्याभल्या रनरना कळत नसे. प्रतिस्पर्धी म्हणत, हा बॉक आहे. पंच बहुतेक वेळा म्हणत, नाही. त्यात मला काही गैर वाटत नाही, कारण ती हालचाल खरोखर सीमेवरची होती, आणि सीमेवरच्या कसबाला खेळात जागा असायलाच हवी.

मोठ्या सामन्यात नियम सैल करा, ही मागणी बॉकपुरतीच नसते. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायची सक्ती. त्याच वर्षी आणखी एक नियम आला: एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच माउंडवरच्या पट्टीवरून पाय काढता किंवा बेसवर चेंडू फेकता येतो, तिसऱ्यांदा तसं करून रनर बाद झाला नाही, तर बॉक. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सामन्यांसाठी घड्याळ थोडं ढिलं करावं अशी खेळाडूंची मागणी होती. लीगने नकार दिला, आणि मला तो योग्य वाटला. सहा महिने ज्या लयीत खेळलात, त्याच लयीत निकाल लागू दे.

मेजर लीगमध्ये बॉकचा निर्णय व्हिडिओवर तपासायला मागता येत नाही. पंचाला दिसलं ते दिसलं. म्हणून त्याच्यावरचं ओझं मोठं आहे, आणि म्हणूनच गप्प बसण्याचा मोहही मोठा आहे. १८ जून २०१५ ला लॉस एंजेलिसमध्ये शून्य-शून्य अशा बरोबरीत, नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात, तिसऱ्या बेसवरचा किके हर्नांडेझ नाचून-नाचून पिचर किऑनी केलाला डिवचत होता. केला चेंडू टाकायच्या तयारीत हलला. बॉक. हर्नांडेझ घरी आला आणि सामना तिथेच संपला, लॉस एंजेलिस डॉजर्स १, केलाचा टेक्सास रेंजर्स ०. असा शेवट कुणालाच आवडत नाही. पण पंचाने मान फिरवली असती, तर तो निकाल टेक्सासच्या बाजूने दिलेला निर्णय ठरला असता, फक्त कुणाला दिसला नसता.

मला हे माहीत आहे, कारण मी मान फिरवली होती. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मुलांच्या लीगचा अंतिम सामना. शेवटची इनिंग, बॅटिंग करणारा संघ एका धावेने मागे, एक बाद, दुसऱ्या बेसवर रनर. पिचरचे हात छातीशी आले आणि थांबले नाहीत, तसेच पुढे गेले. मी पाहिलं. मनात आलं, एवढ्याशा गोष्टीवर या पोरांचं वर्ष ठरू नये. गप्प बसलो. पुढचा फटका आउटफील्डमध्ये खोलवर गेला आणि झेल झाला. रनर तिसऱ्या बेसवर असता तर झेलानंतर आरामात घरी आला असता. दुसऱ्यावर होता, म्हणून तिसऱ्यापर्यंतच पोचला. पुढचा बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू हुकून बाद. सामना संपला.

हात मिळवताना तो रनर माझ्यासमोर आला. तेरा वर्षांचा मुलगा, डोळ्यांत पाणी, पण आवाज शांत. एवढंच म्हणाला, “सर, तो थांबला नव्हता.” मी उत्तर दिलं नाही. काय देणार? त्या पोरांचं वर्ष माझ्यावर ठरू नये म्हणून मी गप्प राहिलो होतो, आणि ते माझ्यावरच ठरलं होतं.

यंदा मोसमाच्या पहिल्या शनिवारी, सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून मी सांगितलं की हात थांबले पाहिजेत, पहिल्या इनिंगपासून बघणार आहे. पहिल्याच इनिंगमध्ये एका डावखुऱ्या मुलाचे हात थांबले नाहीत. बॉक दिला. प्रशिक्षक वैतागले, गॅलरीतले आईबाप ओरडले. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी हात छातीशी आणून दाखवले आणि एक श्वास थांबलो. त्याने मान हलवली. पुढच्या चेंडूला त्याचे हात छातीशी आले, थांबले, रनरने त्याच्याकडे पाहिलं, त्याने रनरकडे पाहिलं, आणि मग त्याने चेंडू टाकला.

नमस्कार.