घरच्या अभंगाचे मिक्सिंग : आधी पेटी आवरा

नमस्कार. घरी मुद्रित केलेल्या अभंगात शब्द नीट कळत नसले की बहुतेक जण महागडा माइक घ्यायला निघतात. तो खर्च करण्यापूर्वी पेटीचा ट्रॅक, म्हणजे तिचे वेगळे मुद्रण, तपासा, कारण अडचण बहुधा तिथेच असते.

या मुद्रणात आवाज, पेटी, तबला, डग्गा आणि टाळ असे पाच ट्रॅक आहेत. आवाज माझ्या आत्याचा आहे. ती ७२ वर्षांची आहे आणि गाताना तिचा एकही शब्द हरवू नये, असे मला मनापासून वाटते. मिक्सिंगचे, म्हणजे हे ट्रॅक एकत्र जुळवण्याचे, सॉफ्टवेअर रीपर आहे. ते ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो.

[मूळ मुद्रण वाजवावे.]

‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ’ बोथट झालेला ऐकू येतो. आपल्याकडे पेटी गायकाची साथ करते, म्हणजे गळ्यातून जी ओळ निघते तीच ओळ, त्याच सुरांवर, त्याच क्षणी पेटीवरही वाजते. त्यामुळे दोघांची गाठ एकाच जागी पडते आणि भाता सतत चालू असल्याने पेटीच वरचढ ठरते. म्हणून सगळे फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, खाली घ्या, प्रथम आवाज लावा, मग तबला-डग्गा व टाळ आणि सर्वांत शेवटी पेटी, तीही शब्द स्पष्ट राहतील इतकीच. त्यानंतर पेटीच्या इक्वलायझरमध्ये (ध्वनीचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करण्याचे साधन) २००० ते ४००० हर्ट्‌झचा पट्टा साधारण ३ डेसिबलने उतरवा, कारण व्यंजनांची धार मुख्यतः याच भागात असते.

[बदललेला भाग वाजवावा.]

आता ‘ठ’ उमटला. मात्र पेटी कायम दबलेली ठेवणे हा वादकावर अन्याय आहे. ओळ संपून पेटी ती उचलते, तेवढ्या जागी पेटीच्या ट्रॅकवरची व्हॉल्यूमची रेघ २ डेसिबल वर न्या आणि आत्या पुढचा श्वास घेते तिथे पुन्हा खाली आणा. या कामाला वेळ लागतो, पण अभंगात जीव येतो तो यामुळेच.

आवाजाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्‌झखालचा भाग कापला की पंख्याची घरघर बरीच कमी होते. डग्ग्याला मात्र हा फिल्टर लावू नका, त्याचा घुमारा त्याच परिसरात असतो. टाळ थोडा एका बाजूला सरकवा. रिव्हर्ब, म्हणजे खोलीत आवाज घुमल्याचा परिणाम, सर्व ट्रॅकना मिळून एकच ठेवा, म्हणजे सगळे एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतील.

शेवटी मिक्स मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, मोबाइलच्या स्पीकरवर हळू आवाजात ऐका. तिथे घुमारा जाणवणार नाही, त्यासाठी डग्ग्याचा फेडर चढवू नका. शब्द आणि तबल्याची चाट (कडेवरचा तीक्ष्ण आवाज) ऐकू आली की फाइल काढायला हरकत नाही.