ताईच्या हातात माऊस

सांगली, विश्रामबाग. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई-बाबा गावाकडे लग्नाला गेलेत. लॅपटॉपसमोर ताई, शेजारी तिचा धाकटा भाऊ. आम्ही हे चित्रित करतोय; दोघांचे चेहरे दाखवायचे नाहीत, हे आधीच ठरलंय. त्याने तिला एवढंच सांगितलं होतं: हा गेम खेळ, मग बोलू. गोष्ट एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या मुलींची आहे, मुलांची नाही, म्हणून पुढे करणं त्याला जरा सोपं गेलं.

गेमचं नाव ‘गॉन होम’. २०१३ साली अमेरिकेतल्या फुलब्राइट या छोट्याशा कंपनीने काढलेला. यात कुणाला मारायचं नाही, जिंकायचंही काही नाही. जून १९९५, ओरेगॉन राज्य, मध्यरात्र उलटलेली, बाहेर धो धो पाऊस. युरोपात वर्ष काढून केटी परत येते, तर घरात कुणीच नाही. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची, चिठ्ठी: मी कुठे आहे ते शोधू नकोस. पुढचे दोनेक तास आपण नेमकं तेच करतो. कप्पे उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या. एकेक खोली पार होते, तसा सॅमचा आवाज ऐकू येतो. शाळेत भेटलेली लॉनी, दोघींचं प्रेम. लॉनीला सैन्यात जायचंय, आणि त्या काळात अमेरिकी सैन्यात हे उघड झालं की नोकरी गेली.

मग सॅम आई-वडिलांना सांगते. ते ओरडतील, रडतील, याची तिने तयारी ठेवलेली. ते तसलं काहीच करत नाहीत. त्यांचा विश्वासच बसत नाही. वय आहे, योग्य मुलगा भेटला नाही अजून, एवढंच.

इथे ताईने माऊस सोडला. आपल्याकडे हे वाक्य ‘लग्न झालं की होईल सगळं ठीक’ असं येतं. आरडाओरडा झाला तर निदान भांडता तरी येतं. ऐकूनच न घेणाऱ्याशी काय भांडणार?

सांगली नाटकाचं गाव. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं. मराठी रंगभूमीवर मुलीचं मुलीवरचं प्रेम तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’मधून आणलं. त्यातली मित्रा शेवटी जीव देते. अशा गोष्टींचा शेवट असाच व्हायचा, याची प्रेक्षक म्हणून आपल्याला सवयच लागलेली. ‘गॉन होम’ला ती सवय पक्की ठाऊक आहे. शेवटची जागा म्हणजे माळा. वर जायच्या दाराशी लाल दिवे. ताई वर जायला तयार नव्हती. भाऊ म्हणाला, जा गं, तसलं काही नाहीये.

वर सॅम नाही. लॉनीने सैन्याचा रस्ता सोडून तिला फोन केला, आणि ती निघून गेली. जिवंत आहे, पण घरात नाही. आई-बापांनी स्वीकारलं का, हे गेम सांगत नाही. गेमकर्त्यांनी इथे पळवाट काढली, असं म्हणता येईल. आम्हाला तसं वाटत नाही. कारण खेळणारा केटी असतो, म्हणजे घरातलाच माणूस, आणि त्याला सगळं वाचावंच लागतं.

खरी पळवाट इतरत्र दिसते. ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमच्या २०१४च्या ‘लेफ्ट बिहाइंड’ भागात एली आणि रायली एकमेकींचं चुंबन घेतात. सुंदर प्रसंग आहे. पण जग बुडालेलं, एली अनाथ. नको म्हणायला घरचं कुणी उरलेलंच नाही!

म्हणून ब्रियाना ली यांचा २०१७चा ‘बटरफ्लाय सूप’ हा गेम आम्हाला जवळचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या आशियाई घरांतल्या मुली, बेसबॉल, आणि दिया नावाची लाजाळू भारतीय मुलगी, मिन नावाच्या मैत्रिणीच्या प्रेमात. इथे आई-बाप आहेत, त्यांचा धाक आहे, मार्कांची कटकट आहे. पैसे न देताही उतरवून घेता येतो.

आईला दाखवायचा तर हाच, असं ताईचं मत पडलं. भावाला ते पटलेलं नाही. आईचं इंग्रजी कच्चं, तिला शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल, आणि ते तो करणार नाही. मी वाचेन, म्हणाली ताई. त्यावरून दोघांचं वाजलं, तेव्हा आम्ही कॅमेरा बंद केला.