शीटवरचे इटालियन शब्द: लागतात कुठून, सुटतात कुठे

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली-मिरजेकडे गाणं शिकणाऱ्याला विलंबित, मध्य, द्रुत म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तोच विद्यार्थी कीबोर्डच्या किंवा व्हायोलिनच्या ग्रेड परीक्षेला बसतो, समोर स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची, शीट येते आणि तिच्यावर असतं अडाजिओ, अलेग्रो, रिटार्डांडो. सतराव्या शतकात इटलीच्या संगीतकारांचा युरोपभर दबदबा होता. त्यांनी आपल्या भाषेत लिहिलेल्या सूचना इतरांनीही उचलल्या आणि त्या रुळल्या. मुलं या शब्दांचे अर्थ पाठ करतात, तरीही वाजवताना चुकतात. सूचना कुठून लागू होते ते डोळ्यांना दिसतं, पण ती कुठे सुटते ते शोधावं लागतं. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

पहिल्या ओळीच्या वर, डाव्या टोकाला जो शब्द असतो तो लयीचा. लयीचा दुसरा शब्द येईपर्यंत त्याचा अंमल. लार्गो आणि अडाजिओ विलंबिताकडचे, अंदांते आणि मोदेरातो मध्यलयीचे, अलेग्रो आणि प्रेस्तो द्रुताकडचे. मेट्रोनोम म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र. त्याच्या पट्टीवर अंदांते मिनिटाला साधारण ७६ ते १०८ ठोके आणि अलेग्रो १२० ते १६८ असं छापलेलं आढळतं. बनावटीप्रमाणे थोडा फरक पडतो. शीटवर आकडा दिला असेल तर त्याच्या शेजारी कोणत्या स्वरचिन्हाचं चित्र आहे ते आधी पाहा. पाव स्वराचे ६० आणि अर्ध्या स्वराचे ६० यांत लय दुप्पट होते. मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ साली. त्यामुळे मोझार्टच्या रचनेवर असा आकडा दिसला तर तो नंतरच्या संपादकाचा समजा आणि सल्ल्यापुरता माना.

शब्दाला 'इस्सिमो' जोडलं की तो टोकाला जातो, 'एत्तो' जोडलं की सौम्य होतो. म्हणून अलेग्रेत्तो हा अलेग्रोपेक्षा संथ. अंदांतीनो मात्र फसवा. आज तो अंदांतेहून किंचित जलद धरतात, पण जुन्या रचनाकारांत यावर एकमत नव्हतं. अशा वेळी त्या रचनेतली सगळ्यात बारीक स्वरांची जागा शोधा, ती स्वच्छ वाजेल अशी लय धरा.

आता सर्वांत जास्त गोंधळाची जागा. 'रिट.' म्हणजे रिटार्डांडो, लय हळूहळू कमी करा. कुठपर्यंत? 'आ टेम्पो' येईपर्यंत, म्हणजे मूळ लयीवर परत. विद्यार्थी रिट. पाळतो आणि आ टेम्पो विसरतो, मग उरलेली अर्धी रचना रेंगाळते. पेन्सिलने या दोन शब्दांना जोडणारी रेघ ओढा. अशा जोड्या बऱ्याच आहेत. व्हायोलिनला पित्सिकातो म्हटलं की तार बोटाने छेडायची, 'आर्को' लिहिलं की पुन्हा गज. कोन सोर्दीनो म्हणजे म्यूट (आवाज दबवणारा छोटा तुकडा) लावून, सेन्झा सोर्दीनो म्हणजे काढून. म्यूट लावायला किती मात्रांची विश्रांती मिळते ते आधीच मोजून ठेवावं. पियानोवर उना कोर्दा दिसलं की डावं पेडल, त्रे कोर्दे आलं की ते सोडायचं.

'सेम्प्रे' (सतत) आणि 'सीमिले' (तसंच पुढे) याच कुळातले. पहिल्या दोन-तीन बारमध्ये (उभ्या रेघांमधल्या खणांमध्ये) स्वरांवर स्टकाटोचे ठिपके असतात, पुढे ठिपके गायब आणि फक्त सीमिले. ठिपके संपले म्हणून तुटक वाजवणं थांबवायचं नाही. आणि ठिपका स्वराच्या वर किंवा खाली असेल तरच स्टकाटो. स्वराच्या बाजूला असेल तर स्वर दीडपट लांबतो. लेगातो म्हणजे दोन स्वरांमध्ये फट नको. आपल्याकडचे व्हायोलिनवादक तिथे सवयीने मींड घेतात. ती इथे नको, स्वर जोडलेले पण स्वच्छ हवेत.

जोराच्या खुणांत पी म्हणजे पियानो, हळू. एफ म्हणजे फोर्ते, मोठ्याने. पुढची खूण येईपर्यंत तोच आवाज. स्फोर्झांडो मात्र फक्त त्या एकाच स्वरापुरता. क्रेशेंडो हा शब्द दिसला रे दिसला की मुलं जोर लावतात, ते चूक. त्या जागी आवाज अजून लहानच असतो, वाढत जाऊन तो पुढच्या खुणेशी पोचायचा असतो. स्वस्त कीबोर्डमध्ये पट्टीच्या दाबाप्रमाणे आवाज बदलतच नाही. त्यावर पी आणि एफचा सराव व्यर्थ आहे. घेण्याआधी टच रिस्पॉन्स आहे का ते विचारा, असेल तर सेटिंगमध्ये चालू आहे का तेही पाहा.

शेवटी उलट्या उड्या. डी. सी. म्हणजे दा कापो, सुरुवातीपासून. डी. एस. म्हणजे दाल सेन्यो, खुणेपासून. 'फीने' म्हणजे समाप्त. त्याला इंग्रजीसारखं फाइन वाचू नका. समजा २४ बारची रचना आहे, सोळाव्या बारअखेर फीने आणि चोविसाव्याखाली डी. सी. आल फीने. तर २४ बार वाजवा, पहिल्यावर या, सोळाव्याशी थांबा; एकूण ४० बार. पहिल्या फेरीत फीनेकडे लक्ष द्यायचं नाही. कोडाचंही, म्हणजे शेवटी जोडलेल्या समारोपाच्या भागाचंही, तसंच: 'टू कोडा' ही खूण डी. एस. घेऊन परतल्यावरच लागू होते. शाळेच्या बँडमध्ये निम्मी मुलं पहिल्याच फेरीत कोडावर उडी मारतात आणि क्लॅरिनेट एकीकडे, ट्रम्पेट दुसरीकडे असं होतं. त्या खुणेशेजारी पेन्सिलने 'दुसऱ्या वेळी' असं लिहून घ्या. डी. सी. नंतर मधल्या पुनरावृत्तीच्या दुहेरी रेघा सहसा पाळत नाहीत, सरळ एकदाच वाजवतात. वेगळं अपेक्षित असेल तर शीटवर तसं लिहिलेलं असतं.