आधी पाणी, मग नाव-गाव

(जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

मंडळी, नमस्कार.

मी नागावची. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं आमचं गाव. जन्म तिथला, शाळेत शिकवलं तेही त्याच पट्ट्यात, आणि निवृत्तीनंतर आता लेकाकडे जाऊन-येऊन असते. परदेशात भेटलेल्या माणसांबद्दल बोला, असं तुम्ही सांगितलंत. माझ्याकडे सांगण्यासारखा प्रसंग एकच आहे, जेमतेम तीन तासांचा. पण त्याचा अर्थ मला पन्नास वर्षांपूर्वीच्या एका दुपारपाशी सापडला, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

1974 साल. पावसाळा नुकताच सरला होता आणि मी दहा वर्षांची होते. भर दुपारी एक गोरा मुलगा आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसला. बसला कसला, कोसळलाच. त्या काळी असे पुष्कळ तरुण गोव्याकडे निघालेले दिसत. हा किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघाला होता आणि अंग तापाने फणफणलं होतं. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिने तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा त्याच्यापुढे ठेवला. दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव, अशी आमच्याकडची रीत. घोटभर पाणी पोटात जाण्याआधी कुणाला 'कोण रे, कुठला?' विचारलं तर आजी आमच्यावर डोळे वटारायची.

तो चार दिवस आमच्या ओटीवर होता. आई त्याला उकड्या तांदळाची पेज करून द्यायची, वर मीठ आणि लिंबाच्या लोणच्याचा खार. पहिल्या दिवशी तो नुसता वाडगा धरून बसला, काय करायचं ते त्याला समजेना. मग आई त्याच्यासमोर फतकल मारून बसली, दुसरा वाडगा तोंडाला लावला आणि मोठ्ठा भुरका मारून दाखवला. त्यानेही मारला. ती दोघं एकमेकांकडे बघून हसली, ते हसू मला अजून दिसतं.

ताप उतरला आणि तो निघाला. कुंडलिकेच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, रेवदंड्याहून तरीने साळावला उतरायचं. वडील त्याला तरीपर्यंत पोचवणार होते. पायरी उतरण्याआधी त्याने खिशातून नोटा काढल्या आणि आईपुढे धरल्या. आईचा चेहरा एकदम उतरला. काही बोलली नाही. दोन पावलं मागे सरली आणि माजघरात निघून गेली. तो पोरगा हात पुढे केलेला तसाच उभा. मला त्याची फार दया आली. वाटलं, नको असतील तर नको म्हणावं, पाहुण्याकडे पाठ कशाला फिरवायची? हे मी आईला कधीच विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

आता 2023 च्या डिसेंबरातली गोष्ट. लेक इथे जर्मनीत, टेगर्नझेला राहतो. तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल, म्युनिचहून तिकडे जाणारी गाडी होल्झकिर्खेनला तुटते. काही डबे टेगर्नझे आणि लेंगग्रीसच्या वाटेला लागतात, काही बायरिशझेलला जातात. लेकाने मला दोनदा बजावलं होतं, तरी मी नेमकी बायरिशझेलच्या डब्यात बसले. शेवटचं स्टेशन आलं, उतारू भराभर पांगले आणि फलाटावर मी एकटी उरले. डोंगराच्या पायथ्याचं चिमुकलं स्टेशन, सगळीकडे बर्फ, संध्याकाळी साडेसहालाच मध्यरात्रीसारखा काळोख. फोन थंडीने मिटला होता. आम्ही समुद्राकाठची माणसं, काळोखाला भीत नाही. गाज ऐकू येत असते, कुणीतरी जागं आहे असं वाटतं. बर्फाला आवाजच नसतो. त्या शांततेची मला भीती वाटली.

समोरच्या घरापुढे एक बाई फावड्याने बर्फ ओढत होत्या. साधारण माझ्याच वयाच्या. मी रस्ता ओलांडून गेले आणि 'टेगर्नझे' एवढा एकच शब्द बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टेशनाकडे, आणि सगळं ओळखलं. फावडं भिंतीला टेकवून त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. 'काल्ट,' म्हणाल्या. गार पडलेत. मग माझी बॅग उचलली आणि आत चालू लागल्या.

आत हिरव्या फरशांची मोठी शेगडी होती, अर्धी भिंत व्यापणारी, आणि तिला लागून बाक. त्यावर मला बसवलं, बूट काढायला लावले. कपाटातून लोकरीचे मोजे आणले. ते माझ्या हातात दिले नाहीत. आधी शेगडीच्या फरशीवर पसरले, एकदा उलटे केले, गालाला लावून बघितले, आणि मग दिले. माझी आई बाळंतिणीच्या खोलीत दुपटी अशीच शेकायची. नंतर कसल्याशा पाल्याचा चहा आला, मधाचा. तो मी संपवला तेव्हा कुठे त्यांनी कागद-पेन्सिल पुढे केली आणि मी लेकाचा नंबर लिहिला. आधी चहा, मग नंबर. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

लेक कामावरून निघायचा होता. त्या त्याच्याशी फोनवर बोलल्या आणि स्वतःच गाडीची किल्ली घेऊन उठल्या. पाऊण तासाचा रस्ता, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. आम्ही दोघी काहीच बोललो नाही, बोलणार कुठल्या भाषेत? त्या मधूनच माझ्याकडे बघून मान हलवायच्या, मीही हलवायची.

लेकाच्या दारात उतरले आणि पर्समधून पन्नास युरोची नोट काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मूठ मिटवली, नोटेसकट, घट्ट. आणि त्यांचा चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखला, मंडळी. आमच्या पडवीतला. आई माजघरात का गेली, ते मला बर्फात उभं राहिल्यावर समजलं.

आपण कोकणातली माणसं मिंधेपणाला फार भितो. कुणाचं घेऊ नये, घेतलं तर ठेवू नये, हे बाळकडूच आहे. वाण्याच्या उधारीला ते शोभतं. पण त्या दारात माझी नोट काय बोलत होती? 'तुमचा-माझा हिशेब चुकता झाला, आता तुम्ही माझ्या कुणी नाही.' ज्या बाईने माझे हात आपल्या हातांत धरून ऊब दिली, तिला मी हे सांगत होते. देणं आपल्याला चांगलं जमतं. घेणं जमत नाही, आणि ते जमायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

बॅगेत नारळाच्या वड्यांचा डबा होता, लेकासाठी आणलेला. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, वडी उचलली, तिथेच बर्फात उभ्या उभ्या खाल्ली, आणि डबा काखेत मारून गाडीत बसल्या.

आमच्या किनाऱ्याला परक्याची सवय जुनी आहे. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे, आमच्या नागावशी गल्लत करू नका. तिथे एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असं बेने इस्रायली लोक, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं, आज तिथे स्मारक आहे. वाचलेल्यांच्या हातात मोबदला द्यायला काय असणार? किनाऱ्यावरच्यांनी दिलेला आसरा त्यांनी घेतला आणि ते राहिले. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली झाले. गावांची नावं आडनावं म्हणून लावली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. माझ्या वर्गात त्यांच्यातली एक मुलगी होती. तिच्याकडे एलियाहू हानाबीचा, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या नावाचा मलिदा असला की ताटलीभर घरी यायचा, पोहे, ओलं खोबरं, गूळ. आई ती ताटली कधी रिकामी परत पाठवायची नाही, पण त्याच दिवशीही पाठवायची नाही. 'लगेच फेडलं तर त्यांना वाटेल, आपल्याला नको होतं,' असं म्हणायची. ती मुलगी पुढे कुटुंबासोबत इस्रायलला गेली. तिकडे त्यांच्या लोकांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.

17 जुलै 1947 ला मुंबईहून आमच्याच किनाऱ्यावरच्या रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांच्या होड्या पाण्यात होत्या, त्यांनी जितकी ओढता आली तितकी माणसं वर घेतली. आजोबा सांगायचे, होडीत जागा व्हावी म्हणून त्यांनी धरलेली मासळी समुद्रात ओतून दिली. हे सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी जड व्हायचा.

इथे शिकायला आलेल्या मुलामुलींना मला एक सांगायचंय. परवा एक मुलगी सहज बोलून गेली, रात्रभर स्टेशनवर बसून काढली, पण मंडळातल्या कुणाला फोन केला नाही, 'उगाच कशाला त्रास.' बाळांनो, फोन करा. रात्री दोनला करा. आणि घरमालकीण, शेजारी, रस्त्यावरचं कुणी हात पुढे करील तर तो धरा.

त्या बाई गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे नागावला येऊन गेल्या. लेकाने मध्ये पडून सगळं जुळवलं होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो आणि ऊन त्यांना बाधलं. पाय लटपटायला लागले. शहाळीवाल्याने ते लांबून पाहिलं, स्वतः बसलेलं स्टूल उचलून आणलं, सावलीत ठेवलं. कोयत्याने शहाळं सोललं, पाणी पाजलं, मग ते फोडून सालाच्याच चमच्याने मलई काढून दिली. अर्ध्या तासाने बाई उठल्या आणि पर्स उघडली. त्याने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. त्यांनी पर्स मिटली, पुन्हा स्टुलावर बसल्या, आणि तळाशी राहिलेली मलई नीट खरवडून खाल्ली.